पिवळी फांदी, अकरा झाडं आणि काकाजींचा बगीचा

वरुड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं इथे देते.

"मावशी, आमचा तीन एकर संत्र्याचा बगीचा आहे, सव्वातीनशे झाडं, सात वर्षांची, मामाजींनी (सासऱ्यांनी) स्वतः खड्डे खणून लावलेली. मागच्या वर्षी पाच झाडांवर एकेक फांदी पिवळी पडली. कृषी केंद्रवाल्यानं झिंक आणि फेरस दिलं, तीनदा मारलं, पानं थोडी हिरवी झाली आणि परत तसंच. गेल्या तोडणीला त्या झाडांचं फळ बारीक, वाकडं आणि बुडाशी हिरवंच राहिलं. यंदा अशी अकरा झाडं झालीत. माझा भाऊ म्हणतो हे ग्रीनिंग आहे, उपटून टाक. मामाजी म्हणतात आंबिया बहाराचं फळ लटकलंय, तोडणी होऊ दे मग पाहू. धुऱ्याला (बांधाला) लागून काकाजींचा, म्हणजे चुलतसासऱ्यांचा बगीचा आहे, तो चार वर्षांपासून कोणी पाहत नाही आणि त्यांच्याशी आमचं बोलणं नाही. वर चौदा नांग्या (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरायच्यात, त्याच्या कलमा सांगून ठेवल्यात. काय करू?"

ताई, तुमच्या भावाचं म्हणणं मला खरं वाटतंय, हे ग्रीनिंग असावं, म्हणजे संत्रा-मोसंबीला होणारा बॅक्टेरियाचा रोग. पण पत्रावरून मी शिक्का मारणार नाही, कारण आपल्या भागात संत्र्याचं झाड पिवळं पडायला दहा कारणं असतात आणि त्यातलं मोठं कारण डिंक्या. आधी बुंध्याजवळ बसून बघा, सालीतून डिंक येतोय का, थोडी माती उकरून बारीक मुळी बोटात धरून ओढा, साल मोज्यासारखी सरकून निघाली तर मुळं सडलीत, मग ते दुखणं वेगळं आणि त्याचा इलाजही वेगळा. त्यात सहसा अख्खं झाडच मलूल होतं. तुमच्याकडे मात्र भरल्या हिरव्या झाडात एकच फांदी पिवळी, असं तुम्ही लिहिलंय, आणि चिनी लोकांनी तर या रोगाचं नावच पिवळ्या फुटव्याचा रोग असं ठेवलंय.

आता एक काम करा, मुलाच्या दप्तरातला बॉलपेन घ्या आणि त्या फांदीवरचं एक पूर्ण वाढलेलं पान तोडा. पानाच्या मधल्या शिरेच्या डाव्या बाजूला एक गोल काढा आणि बरोब्बर त्याच उंचीवर उजव्या बाजूला दुसरा. झिंकची कमी असेल तर दोन्ही गोलांत चित्र सारखंच दिसेल, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आरशात बघितल्यासारखं. ग्रीनिंग असेल तर एका गोलात हिरवं आणि दुसऱ्यात पिवळा डाग, आणि तो डाग शिरेला जुमानत नाही, शिर ओलांडून पसरलेला असतो, कडेला धुरकट होत गेलेला. अशी वीसेक पानं बघा, एकावर जाऊ नका. रोगट झाडाला झिंकची कमीसुद्धा दिसते, कारण त्याचं खाणंपिणंच बिघडलेलं असतं, म्हणून तर कृषी केंद्रवाल्याचं औषध मारल्यावर पानं थोडी हिरवी झाली. त्याला मी फार दोष देणार नाही, पान बघून पुष्कळ जण फसतात.

तोडणीच्या वेळी बघायची खूण म्हणजे फळ. ते देठातून उभं कापा. मधला कणा वाकडा, बिया वाळून काळपट झालेल्या, आणि रंग उलटा चढलेला, म्हणजे देठाकडे पिवळा आणि बुडाला हिरवा. हे सगळं एकत्र दिसलं तर शंका फार राहत नाही. आयोडीनचीही एक सोपी चाचणी आहे, बारीक सँडपेपरनं पान घासायचं, तो चुरा चमचाभर पाण्यात मिसळून आयोडीनचा थेंब टाकायचा, काळंनिळं झालं तर पानात स्टार्च साठलाय. पण फांदीची साल कुठे खरवडली गेली असेल तरी असंच होतं, म्हणून हा फक्त इशारा समजा. खात्री करायची तर नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे फोन करून नमुना कसा न्यायचा ते विचारा आणि पीसीआर, म्हणजे पानातला जंतू ओळखणारी लॅबची चाचणी, करून घ्या. पानं लक्षण दिसणाऱ्या फांदीचीच द्या. हा जंतू झाडात सगळीकडे सारखा नसतो, हिरव्या फांदीचं पान दिलं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त झालेले लोक मी बघितलेत.

पानात स्टार्च का साठतो ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. पान जे अन्न तयार करतं ते सालीतल्या अन्नवाहिन्यांतून खाली मुळांपर्यंत जातं, हा बॅक्टेरिया नेमका त्याच वाहिन्यांत राहतो आणि त्या तुंबतात. वर पानात माल पडून आणि खाली मुळं उपाशी. म्हणून पिवळी फांदी छाटून उपयोग होत नाही ताई, फांदीवर लक्षण दिसतं तोवर जंतू खाली मुळाशी पोचलेला असतो. आणि बरं करणारं औषध आजघडीला जगात कुठेच नाही. अमेरिकेत फ्लोरिडात खोडाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात, त्यानं काही काळ झाड तगतं इतकंच, आणि ते तुम्ही करू नका. माणसाच्या दवाखान्यातलं औषध बगीच्यात नको, आपल्या सरकारनंही शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनवर बंदीचं पाऊल उचललंय. तरीही कोणी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर "ग्रीनिंगवर रामबाण" म्हणून बाटली विकायला आला तर सरळ परत पाठवा.

हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो सायला नावाचा छोटा किडा. तुम्ही बघितला असेल पण ओळखला नसेल, तीन-चार मिलिमीटरचा, तपकिरी ठिपक्याठिपक्यांचा, आणि बसायची ढब अशी की डोकं पानाला टेकलेलं आणि पाठचा भाग वर उचललेला, जणू पानात रुतवलेला काटा. मादी अंडी घालते ती फक्त कोवळ्या नवतीवर, म्हणजे नव्या फुटीवर, अजून उलगडलीही नाही अशा पानांच्या घडीत, पिवळी-नारिंगी बदामाच्या आकाराची अंडी. एक मादी शेकड्यानं घालते. चारेक दिवसांत पिल्लं निघतात, चपटी, पिवळसर, आणि त्यांच्यामागून पांढऱ्या मेणाच्या वळलेल्या दोऱ्या बाहेर येतात. शेंड्याकडे मुंग्यांची रांग लागलेली दिसली की भिंग घेऊन तिथे बघाच, मुंग्या त्यांचा गोड चिकटा खायला जातात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. रोगट झाडावर वाढलेलं पिल्लू मोठं होऊन उडतं ते पुष्कळदा जंतू पोटात घेऊनच, आणि मरेपर्यंत तो त्याच्यात राहतो.

हे सायलाचं कोडं आपल्याकडे सुटलं ते पुण्यात बरं का. संत्रा-मोसंबी शेंड्याकडून वाळत जाते, डायबॅक होतो, ही तक्रार देशभर फार जुनी, कोणी जमिनीला दोष द्यायचं कोणी पाण्याला. १९६७ साली पुण्यात काम करणाऱ्या कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी दाखवून दिलं की ग्रीनिंग हा सायलाच पसरवतो. म्हणजे फ्लोरिडात हा रोग सापडला २००५ मध्ये, त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी आपल्याला वाहक कोण ते माहीत होतं, आणि तरी आजही आपल्या गावात पिवळं पान दिसलं की पहिला हात झिंकच्या पुड्याकडे जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. फ्लोरिडाचं काय झालं तेही सांगते, मामाजींना वाचून दाखवा. २००३-०४ च्या हंगामात तिथे २४ कोटी २० लाख पेट्या संत्री निघाली होती, २०२२-२३ मध्ये एक कोटी साठ लाखांच्याही खाली. मध्ये वादळंही झाली हे खरं, पण कणा मोडला तो या रोगानंच.

आता मामाजींचा प्रश्न. ताई, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि मला तो आतून माहीत आहे. आमच्या काटोलकडच्या बगीच्यात पंधरा वर्षांपूर्वी चार झाडं अशीच पिवळी झाली होती. सासूबाईंनी लावलेली, विहिरीजवळची, उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालून जगवलेली. त्या गेल्या होत्या आणि त्या चार झाडांना हात लावायचा माझ्यानं धीर झाला नाही. शेणखत घातलं, स्लरी दिली, फांद्या छाटल्या, तीन वर्षं मी त्या झाडांची सेवा केली. तिसऱ्या वर्षी मोजली तेव्हा सत्तरच्या वर झाडं पिवळी होती, आणि नकाशा काढला तर विहिरीपासून पंख्यासारखी पसरत गेलेली. सासूबाईंचीच बाकीची झाडं मी त्या चार झाडांपायी घालवली. हे मामाजींना माझ्या नावानं सांगा.

फळ तोडून मग बघू म्हणतात त्याचं उत्तर असं की पोळा झाला की हस्ताची नवती फुटायला लागते आणि तोडणी तर त्याच्यापुढे दोन-अडीच महिने. म्हणजे मधली अख्खी नवती त्या अकरा झाडांवर सायला वाढवायला मोकळी सोडायची. आणि त्या झाडांचं फळ किती मिळणार, अर्धं गळून जाईल, उरलेलं तुरट-आंबट, बारीक, व्यापारी बाजूला काढेल. नव्यानं लागण झालेली कोवळी पानं पंधराएक दिवसांतच पुढच्या सायलाला जंतू देऊ शकतात असं अभ्यासात दिसलंय, झाडावर लक्षण तर महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतं. म्हणजे तुम्हाला दिसतात ती अकरा, आत अजून असतील. सव्वातीनशेत अकरा आहेत म्हणून मी काढा म्हणते. निम्मा बगीचा गेला असता तर वेगळं बोलले असते, तेव्हा खतपाणी आणि सायला यांवर भर देऊन चालतं तोवर चालवायचं असं काही लोक करतात. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

काढायची पण एक रीत आहे. आधी त्या झाडांवर सायलाचा फवारा घ्यायचा, मग दोन-तीन दिवसांनी झाड पाडायचं, नाहीतर कुऱ्हाड लागताच सगळा सायला उठून शेजारच्या निरोगी झाडावर जाऊन बसतो. आणि नुसतं कापून खुंट ठेवू नका, त्याला जे धुमारे फुटतात ते कोवळे लुसलुशीत, सायलाला आमंत्रणच. जेसीबीनं मुळासकट काढा. मजुरांच्या हातच्या कात्रीनं हा रोग पसरतो अशी भीती असते, तो मुख्यतः सायलानं आणि कलमाच्या डोळ्यानं (कलम भरायला घेतलेल्या कळीनं) पसरतो, पण डिंक्यासाठी म्हणून कात्री धुऊन घ्यायची सवय चांगलीच.

राहिलेल्या झाडांसाठी फवारणीचं वेळापत्रक कॅलेंडरवर लावू नका, नवतीवर लावा. आपल्याकडे आंबियाची जानेवारी-फेब्रुवारीत, मिरगाची जून-जुलैत, हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात, या तीन फुटींच्या वेळी सायला वाढतो, बाकी वेळ तो अंडी घालायला कोवळं पान शोधत फिरतो. फूट पेरभर बाहेर आली की पहिला फवारा, पान ताठ झाल्यावर मारून पैसे वाया. दर आठवड्याला एक चक्कर मारा, आधी धुऱ्याकडच्या ओळी बघा कारण बाहेरून येणारा सायला कडेच्या झाडांवरच आधी उतरतो. पांढरं ताट फांदीखाली धरायचं, काठीनं तीन टोले द्यायचे आणि ताटात किती पडले ते मोजायचे, वहीत लिहायचं. पिवळे चिकट सापळेही कडेनं लावा.

औषध कोणतं ते केव्हीकेला (कृषी विज्ञान केंद्राला) किंवा संस्थेला विचारून, लेबलवर लिंबूवर्गीय पिकात सायलासाठी लिहिलेलं असेल तेच, आणि मात्रा लेबलवरची. एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा, इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही नावं वेगळी असली तरी गट एकच आहे, एकदा हे आणि एकदा ते मारलं म्हणजे औषध बदललं असं होत नाही, तीच सवय लागली की सायला दाद देत नाही. फुलावर असताना ही औषधं अजिबात नको, मधमाश्या मरतात. किडी कमी असतील तेव्हा निंबोळी तेल दहा लिटरला १०० मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, पिल्लांवर बरं काम करतं. आणि पिल्लाच्या वाळक्या खोळीला पाठीवर गोल भोक दिसलं तर फवारणीचा हात आवरा, ते टॅमॅरिक्सिया नावाच्या मिलिमीटरभर गांधीलमाशीचं काम आहे, ती पिल्लाखाली अंडं घालते आणि तिची अळी खालून चिकटून सायलाच्या पिल्लाला शोषून संपवते. ती आपल्याच उपखंडातली आहे, १९२२ साली पंजाबातल्या लायलपूरच्या (आताच्या फैसलाबादच्या) नमुन्यांवरून तिला नाव मिळालं, आणि कॅलिफोर्नियावाल्यांनी ती पाकिस्तानातल्या पंजाबातून नेऊन तिकडे सोडली. आपल्याकडे ती फुकट आहे आणि आपण दर आठ दिवसांनी काहीतरी फवारून तिला मारतो.

घराभोवती पण नजर टाका. कुंतीचं कुंपण आहे का, ज्याला कामिनी म्हणतात, पांढऱ्या वासाच्या फुलांचं? ते सायलाचं आवडतं झाड आणि त्यात हा जंतूही राहू शकतो, ते काढा. कढीपत्त्यात रोग राहत नाही पण सायला त्याच्यावर मजेत वाढतो, म्हणून बगीच्याच्या कडेला कढीपत्ता नको, दारातल्या झाडाची नवती नियमित खुडून भाजीत घाला. अमेरिकेला जाताना बॅगेत ताजा कढीपत्ता नेऊ देत नाहीत ना, त्यामागे हाच किडा आहे, हे तुमच्या ओळखीत कोणी मुलीकडे निघालं असेल तर त्यांनाही सांगा.

नांग्या. चौदा कलमा सांगून ठेवल्यात, पण पन्हेरीवाल्यानं (रोपवाटिकावाल्यानं) डोळे कुठल्या झाडाचे घेतलेत हे विचारलंत का? रोगट मातृवृक्षाचा एक डोळा भरला की रोग कलमासोबत घरपोच येतो. आमच्याकडे तो असाच आला असं मला आज वाटतं, त्या वर्षी रस्त्याकडेच्या एका पन्हेरीतून स्वस्त मिळाल्या म्हणून साठ कलमा आणल्या होत्या. बिल नाही, मातृवृक्ष माहीत नाही, उघड्यावर वाढवलेल्या. बियाण्यातून हा रोग येत नाही, त्यामुळे खुंट, म्हणजे ज्यावर डोळा भरतात ते रोप, जंबेरीचा की रंगपूर लाईमचा ही चर्चा ग्रीनिंगपुरती कामाची नाही, डोळा कुठला हे कामाचं. तपासलेल्या मातृवृक्षाच्या, जाळीच्या शेडमध्ये वाढवलेल्या कलमा घ्या, संस्थेकडे रोगमुक्त कलमांची चौकशी करा, नंबर लागत नसेल तर एक वर्ष जागा रिकामी ठेवा. इसार गेला तर जाऊ द्या. आणि अकरा झाडं काढायच्या आधी नवी कोवळी कलम लावू नका, तिला वर्षभर नवती असते, सायला आधी तिच्यावर जाईल.

राहिले काकाजी. तुम्ही तीन एकर कितीही जपलं तरी धुऱ्यापलीकडे चार वर्षं न फवारलेला बगीचा असेल तर तिथून सायला येतच राहणार, तो दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्याला धुरा म्हणजे काय. भांडण कशावरून आहे ते तुम्ही लिहिलं नाही, मी विचारतही नाही. पण बोलणं तुम्हालाच सुरू करावं लागेल आणि मला वाटतं ते मामाजींनी नव्हे तर तुम्ही करावं, सुनेला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. जाताना "तुमच्या बगीच्यामुळे आमचं नुकसान झालं" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. आपली पिवळी पानं आणि कापलेलं फळ घेऊन जा, आमच्याकडे हे आलंय, तुमच्याकडे पण बघू का, इतकंच म्हणा.

ब्राझीलमध्ये साओ पावलोकडे बागायतदारांनी काय केलं सांगू, शेजारच्या परसातली संत्र्या-लिंबाची बेवारस झाडं स्वतःच्या खर्चानं काढून दिली आणि बदल्यात दुसऱ्या फळांची रोपं फुकट दिली, कारण शेजाऱ्याचं झाड काढण्याचा खर्च स्वतःच्या बगीच्यापेक्षा स्वस्त पडतो हे त्यांनी हिशेब करून बघितलं. तुमचा जेसीबी येणारच आहे. काकाजींना म्हणा, त्याच दिवशी तुमच्या धुऱ्याकडच्या मेलेल्या ओळी पण काढून देतो, डिझेलचे पैसे आम्ही घालतो, तिथे तुम्हाला सीताफळ लावायचं असेल तर रोपं आणून देतो. ते काढायला तयार नसतील तर निदान नवतीच्या वेळी तुमचा ब्लोअर त्यांच्या चार ओळींवरून फिरवायची परवानगी मागा. एकाच आठवड्यात दोन्हीकडे फवारा बसला पाहिजे, नाहीतर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. शिवारात आणखी पाच-सहा जण तयार झाले तर कृषी सहायकाला बोलवून एकच दिवस ठरवा.

आज झाडांना चुन्यानं नंबर टाका, अकराही आणि त्यांच्या आजूबाजूची आठ-आठ पण, आणि पानं वेगवेगळ्या पिशवीत नंबरासकट लॅबला पाठवा. रिपोर्ट आला की मला कळवा, विशेषतः आजूबाजूच्या झाडांचा, आणि काकाजी काय म्हणाले तेही.